आकस्मिक पूर : वर्धा–प्राणहिता खोरे

आकस्मिक पूर : ओढा, नाला किंवा लहान नदी यांची पातळी जोरदार पावसानंतर अल्पावधीत, सामान्यतः सहा तासांच्या आत, धोकादायक मर्यादेपर्यंत चढते, तेव्हा त्या पुरास आकस्मिक पूर म्हणतात. तलाव किंवा बांध फुटल्याने, तसेच प्रवाहात अडकलेले ओंडके व गाळ यांचा अडथळा एकाएकी सुटल्यानेही असा पूर येतो. मोठ्या नदीचा पूर आणि आकस्मिक पूर यांतील मुख्य भेद वेळेचा आहे. मोठ्या नदीच्या पुराची वर्दी वरच्या अंगाच्या मापन केंद्रांवरून पुष्कळदा एक-दोन दिवस आधी मिळू शकते. नाल्याच्या बाबतीत पाऊस आणि पूर यांमधील अंतर कधीकधी तासाभराहूनही कमी असते. म्हणूनच एकूण पाण्याच्या मानाने लहान असलेला हा पूर मनुष्यहानीच्या दृष्टीने अधिक घातक ठरतो.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत दोन्ही प्रकारचे पूर येतात आणि काही वेळा ते एकमेकांत मिसळतात. वर्धा नदीच्या उजव्या तीरालगतचा राजुरा तालुका या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे, कारण येथे डोंगरातून वेगाने उतरणारे नाले आणि संथपणे फुगणारी मोठी नदी ही दोन्ही थोड्या अंतरावर आढळतात.

भूरचना व जलप्रवाह : सातपुड्यात मुलताईजवळ (मध्य प्रदेश) उगम पावणाऱ्या वर्धा नदीस चंद्रपूर जिल्ह्यात वढा येथे पैनगंगा मिळते. पुढे चंद्रपूर शहराजवळून येणारी इरई तीस मिळते आणि नंतर वर्धा बल्लारपूर व राजुरा यांच्यामधून वाहत जाते. चपराळ्याजवळ वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता नदी बनते. ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात भामरागड येथे इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात आणि इंद्रावती पुढे सोमनूरजवळ गोदावरीस मिळते. अशा रीतीने विदर्भाचा बराच मोठा भाग, मध्य प्रदेशातील सातपुड्याचा काही भाग व बस्तरचे पठार यांवरील पाणी शेवटी याच दोन जिल्ह्यांच्या सीमांवरून वाहून जाते.

राजुऱ्याच्या नैर्ऋत्येस माणिकगडचे डोंगर सु. ५०० मी. उंचीपर्यंत जातात, तर वर्धेचा काठ त्याहून बराच सखल आहे. डोंगरातून निघालेले नाले ही उंची थोड्याच अंतरात उतरून सपाट शेतजमिनीत येतात. या परिसरातील काळी चिकण माती कोरडी असताना भेगाळलेली असते व पहिले पाणी भराभर पिऊन घेते. परंतु एकदा ती भिजून फुगली, की भेगा मिटतात आणि नंतरच्या पावसाचे फारच थोडे पाणी जमिनीत मुरते. वर्षातील सात-आठ महिने हे नाले कोरडे किंवा डोहांपुरते ओले असतात. गावाला जाणाऱ्या वाटा, गुरांच्या पाणंदी व बैलगाड्यांचे रस्ते त्यांच्या पात्रातूनच गेलेले असतात. कोरड्या पात्राशी जडलेली ही सवय पावसाळ्यात धोक्याचे कारण होते.

पूर निर्माण होण्याची क्रिया : या प्रदेशात वार्षिक पर्जन्यमान सामान्यतः १,२०० ते १,५०० मिमी.च्या आसपास असून त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तथापि पुराच्या दृष्टीने वार्षिक बेरजेपेक्षा तासाभरात पडणारा पाऊस अधिक महत्त्वाचा असतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार २४ तासांत ६४.५ मिमी. किंवा अधिक पाऊस झाल्यास तो ‘जोरदार’, ११५.६ मिमी.पासून ‘अतिजोरदार’ व २०४.४ मिमी.हून अधिक झाल्यास ‘अत्यंत जोरदार’ समजला जातो. सु. २० ते ३० चौ. किमी. क्षेत्रावर तासाभरात १०० मिमी. वा अधिक पाऊस झाल्यास त्यास ढगफुटी म्हणतात. येथील बहुतेक घातक पूर ढगफुटीवाचूनच येतात. भिजलेल्या जमिनीवर दोन-तीन तास पडलेला जोराचा पाऊस त्यास पुरेसा होतो.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. एखाद्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र ५० चौ. किमी. आहे आणि त्यावर दोन तासांत १०० मिमी. पाऊस पडला, असे मानू. त्याचे एकूण पाणी ५० लाख घ. मी. होते. जमीन आधीच भिजलेली असल्याने त्यातील तीन पंचमांश पाणी वाहून आले आणि ते तीन तासांत नाल्यावाटे गेले, तर सरासरी प्रवाह सेकंदास सु. २८० घ. मी. भरतो. ३० मी. रुंद व ३ मी. खोल पात्रातून सेकंदास २ मी. वेगाने फक्त १८० घ. मी. पाणी जाऊ शकते. उरलेले पाणी काठ ओलांडून शेतात, रस्त्यावर व वस्तीत शिरते. हाच पाऊस वर्धेच्या हजारो चौ. किमी. पाणलोटातील एका कोपऱ्यात पडला, तर राजुऱ्याच्या काठावर तो क्वचितच जाणवेल.

उताराइतकाच पाणलोटाच्या आकाराचाही परिणाम होतो. लांबट पाणलोटातील पाणी टप्प्याटप्प्याने येते, तर पंख्याच्या आकाराच्या पाणलोटातील सर्व फाट्यांचे पाणी जवळजवळ एकाच वेळी मुखाशी पोहोचते. दाट जंगल पावसाचा मारा अडविते व पालापाचोळ्याच्या थरात पाणी धरून ठेवते. मात्र मोहफुले वेचण्यासाठी व तेंदूपानांच्या नव्या फुटव्यासाठी उन्हाळ्यात ठिकठिकाणी पाचोळा जाळला जातो, त्यामुळे पहिल्या पावसाच्या वेळी जमीन उघडी असते. शिवाय अनेक दिवसांच्या झडीनंतर जंगलातील जमीनही तृप्त होते आणि मग वनाच्छादनाचा पूर रोखण्यास फारसा उपयोग होत नाही. भामरागडसारख्या घनदाट जंगलाच्या भागात दरवर्षी पूर येतात, याचे हे एक कारण आहे.

ऋतुमान : पुरांचे स्वरूप पावसाळाभर एकसारखे नसते. या भागातील शेतकरी ज्या नक्षत्रांनी पावसाची गणना करतात, त्यांच्या आधारे त्याचे चार टप्पे करता येतात.

(१) मृग व आर्द्रा (सु. ७ जून ते ५ जुलै) : या काळात पाऊस प्रायः गडगडाटी व स्थानिक असतो. जमीन कोरडी असल्याने बरेच पाणी मुरते व पूर लवकर ओसरतो. परंतु लोकांची सवय अद्याप उन्हाळ्याची असते. पात्रातील डांगरवाड्यांवरील सामान, पात्रात चरणारी गुरे, वाळू काढणारे मजूर व नाल्याकाठी मुक्कामास असणारी कुटुंबे यांना या पहिल्या पुराचा धोका अधिक असतो. आपल्याकडे आकाश निरभ्र असताना डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी येणे, हे या टप्प्याचे वैशिष्ट्य होय.

(२) पुनर्वसू, पुष्य व आश्लेषा (सु. ५ जुलै ते १६ ऑगस्ट) : हा मुख्य पूरकाल होय. बंगालच्या उपसागरात तयार होणारी न्यूनदाब क्षेत्रे ओडिशा व छत्तीसगढ ओलांडून वायव्येकडे सरकतात. त्यांच्या नैर्ऋत्य भागात पावसाचा जोर सर्वाधिक असल्याने ती विदर्भाच्या उत्तरेकडून गेली, तरी पूर्व विदर्भात दोन-तीन दिवस संततधार लागते. जमीन तृप्त झालेली असते आणि नाले व नद्या या दोहोंना एकदम पूर येतो.

(३) मघा, पूर्वा व उत्तरा (सु. १६ ऑगस्ट ते २७ सप्टेंबर) : धरणे व तलाव भरलेले असतात. जुलैमध्ये जो पाऊस धरणात सामावला असता, तोच आता दरवाजे उघडून खाली सोडावा लागतो. जुन्या मालगुजारी तलावांचे व बोड्यांचे मातीचे बांध याच काळात फुटण्याचा संभव असतो. ओळीने असलेल्या तलावांपैकी वरचा फुटल्यास त्याचा भार खालच्यावर पडतो. पोळा व गणेशविसर्जन हे सणही याच दिवसांत येतात, त्यामुळे नदीकाठी गर्दी असते.

(४) हस्त व त्यानंतर (२७ सप्टेंबरपासून) : मोसमी वारे परतू लागल्यावर दुपारनंतर विजांसह जोराच्या सरी येतात. पूर विरळ असला, तरी पावसाळा संपला अशी समजूत झालेली असते. आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर येणाऱ्या चक्री वादळांचे अवशेषही ऑक्टोबरात कधीकधी येथवर पोहोचतात.

गडगडाटी पाऊस पुष्कळदा तिसऱ्या प्रहरानंतर सुरू होतो. त्यामुळे नाल्याचा लोंढा सायंकाळी किंवा रात्री, म्हणजे बाजाराहून परतण्याच्या अथवा झोपेच्या वेळी येतो. रात्री पाण्याची खोली व वेग यांचा अंदाज येत नाही.

नदीचा फुगवटा : वर्धा दुथडी भरून वाहत असताना तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या मुखाशी नदीची पातळी नाल्याच्या पातळीहून वर जाते. मग नाल्याचे पाणी नदीत शिरू शकत नाही. उलट नदीचे पाणी नाल्यात मागे चढते. अशा वेळी डोंगरात पाऊस पडल्यास दोन्ही पाणी मध्ये कोंडले जाऊन नदीपासून दूर असलेल्या सखल वस्त्यांत पसरते. चंद्रपूर शहरात इरईच्या काठच्या वस्त्यांना वर्धेच्या पुराचा असाच त्रास होतो. प्राणहितेला गोदावरीचा व पर्लकोटेला इंद्रावतीचा फुगवटा येतो. मूळ भूरचनेत झालेले बदलही येथे लक्षात घ्यावे लागतात. खुल्या कोळसा खाणींतील माती व दगड यांचे ढिगारे नदी-नाल्यांच्या जवळ रचले गेल्यास पाण्याला पसरण्यासाठी असलेली जागा कमी होते व प्रवाहाची दिशा बदलते. अरुंद नळ्यांचे पूल झुडपे व ओंडके यांनी तुंबतात. त्यांच्या वरच्या बाजूस पाणी साठते आणि भराव खचला, की ते एकदम खाली येते.

उल्लेखनीय पूर : वर्धेच्या खोऱ्यातील सर्वांत दारुण घटना राजुऱ्यापासून बरीच दूर, नदीच्या वरच्या टप्प्यात घडली. ३० जुलै १९९१ रोजी नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील मोवाड या काठावरील गावात वर्धेचा पूर शिरून २०४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. उगमापासून फार दूर नसलेल्या या भागात नदी अद्याप लहान व शीघ्र असते. तेथे ती एखाद्या नाल्यासारखी वागली आणि लोकांना हालण्यास अवधी मिळाला नाही. मोवाडचे पुढे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले.

याउलट, खालच्या टप्प्यातील महापूर विस्ताराने प्रचंड असले, तरी त्यांची चाहूल आधी लागते. १६ ऑगस्ट १९८६ रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील भद्राचलम येथे गोदावरीची पातळी ७५.६ फूट (सु. २३ मी.) नोंदली गेली, ती तेथील उच्चांकी पातळी होय. जुलै २०२२ मध्ये वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांना एका सुमारास मोठे पूर येऊन सिरोंचा तालुक्यातील काठावरची गावे वेढली गेली आणि १६ जुलै रोजी भद्राचलम येथे पातळी ७१.३ फुटांवर (सु. २१.७ मी.) पोहोचली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यातील पावसामुळे मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून व पुढे भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांतून पाणी सोडावे लागले. त्यामुळे भंडारा, ब्रह्मपुरी व गडचिरोली या परिसरांतील अनेक गावे जलमय झाली. भामरागड येथे पर्लकोटेवरील ठेंगणा पूल वर्षानुवर्षे पाण्याखाली जात आला. २०१९ च्या पावसाळ्यात या गावाचा संपर्क वारंवार तुटला आणि बाजारपेठेत पाणी शिरले.

धोक्याचे स्वरूप : वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट झाला, की रेटा चौपट होतो. सेकंदास २ मी. वेगाचा प्रवाह एक चौ. मी. आडव्या पृष्ठभागावर सु. २०० किग्रॅ. भाराइतका दाब देतो. त्यामुळे गुडघाभर पाण्यातही धडधाकट माणसाचा तोल जातो, आणि पायाखालील गोटे व वाळू सरकत असल्याने तो पुन्हा सावरत नाही. मोटारीचे वजन तिच्या रक्षणास पुरते असा समज आहे, परंतु पाणी तळाच्या वर चढू लागताच उत्प्लावनामुळे ती हलकी होते व चाकांची पकड सुटते. सु. ६० सेंमी. खोल वेगवान पाणी बहुतेक लहान वाहनांना वाहून नेऊ शकते. बैल पोहू शकतात; मात्र जुवाला जुंपलेले बैल गाडीच्या ओझ्यासह ओढले जातात.

या भागातील जीवितहानीची मोठी जागा म्हणजे रपटा, अर्थात नाल्याच्या तळालगत बांधलेला व पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा मार्ग. रोजच्या वापरामुळे त्याची रुंदी व कडा पाठ झालेल्या असतात, म्हणून थोडेसे पाणी असता लोक त्यात उतरतात. परंतु गढूळ पाण्याखाली रपट्याचा भाग खचून वाहून गेला आहे की नाही, हे वरून कळत नाही. खालच्या बाजूस पाणी पडून खोल डोह झालेला असतो. कडेवरून घसरलेली व्यक्ती त्यातील भोवऱ्यात सापडते.

पुरानंतरचे धोके वेगळे असतात. विहिरींत घाण पाणी शिरून अतिसार व कावीळ यांच्या साथी पसरतात, बिळांत पाणी गेल्याने साप घरांच्या व गोठ्यांच्या आश्रयाला येतात आणि ओल्या भिंती ऊन पडल्यावर कोसळतात. कापूस व सोयाबीन ही पिके दोन-तीन दिवस पाण्यात राहिल्यास मुळे कुजून जातात. दुर्गम गावांत सर्वांत गंभीर परिणाम संपर्क तुटण्याचा होतो. अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेली व्यक्ती किंवा तापाने फणफणलेले मूल यांना रुग्णालय गाठता येत नाही. म्हणूनच गडचिरोलीच्या अशा भागांत पावसाळ्यापूर्वीच धान्याचा साठा पोहोचविण्याची आणि प्रसूतीची वेळ जवळ आलेल्या स्त्रियांना आरोग्यकेंद्रालगतच्या ‘माहेरघरा’त आणून ठेवण्याची व्यवस्था करण्यात येते.

पूर्वसूचना : मोठ्या नद्यांसाठी केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रे आहेत, वर्धेवर बल्लारशा, वैनगंगेवर आष्टी व प्राणहितेवर टेकरा येथील पातळी पाहून खालच्या गावांना सूचना देता येते. नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार पावसाचे इशारे प्रसृत करते. आकस्मिक पुरासाठी, अपेक्षित पाऊस व जमिनीची ओल यांचा मेळ घालून सहा ते चोवीस तास आधी मार्गदर्शन करणारी दक्षिण आशियाई यंत्रणा भारतीय हवामान विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू केली. तथापि असे मार्गदर्शन पाणलोटापुरते असते. विशिष्ट रपट्यावर पाणी नेमके केव्हा येईल, ते त्यातून कळत नाही. शिवाय जंगलातील अनेक गावांत दूरध्वनीची व्याप्ती अपुरी असते. तेथे वरच्या गावाने खालच्या गावास निरोप देणे व दवंडी पिटणे हे जुने उपाय अद्याप उपयुक्त आहेत.

निसर्गातील काही खुणा नाल्याकाठच्या लोकांना परिचित आहेत : निवळ पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यावर पाने, काटक्या व फेस दिसू लागणे, वरच्या बाजूने घरघर ऐकू येणे आणि डोंगराकडे सतत विजा चमकणे. यांपैकी कोणतीही खूण दिसताच पात्र सोडून उंच जागी जावे. सामान किंवा गुरे यांच्यासाठी परत पात्रात उतरू नये.

प्रतिबंधक उपाय : महाराष्ट्रात नद्यांच्या काठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखण्यात येतात. निळी रेषा सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा व लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दर्शविते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. ही आखणी मुख्यतः मोठ्या नद्यांची झाली असून लहान नाल्यांच्या काठी गावकऱ्यांच्या स्मरणातील पूरखुणा हाच बहुधा एकमेव पुरावा असतो. अशा खुणा मंदिराच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर किंवा पुलाच्या खांबावर वर्षासह रंगवून ठेवल्यास नव्या पिढीस आणि बाहेरून आलेल्या मजुरांस त्यांचा उपयोग होतो. रपट्यांच्या जागी उंच पूल बांधणे, ते होईपर्यंत दोन्ही टोकांस खोली दर्शविणारे खांब व अडथळे उभारणे, पावसाळ्यापूर्वी नळ्या साफ करणे, तलावांचे सांडवे मोकळे ठेवणे आणि खाणींचे ढिगारे प्रवाहापासून पुरेशा अंतरावर रचणे हे उपाय खर्चाच्या मानाने अधिक फलदायी आहेत.

वैयक्तिक दक्षतेच्या बाबतीत आकस्मिक पुराचा शीघ्रपणाच माणसाच्या उपयोगी पडतो. जो नाला तासाभरात चढतो, तो पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतो. वर्धेचा पूर ओसरण्यास दिवस लागतात. नाल्याचा पूर ओसरेपर्यंत थांबण्यास पुष्कळदा एक रात्र पुरते. रपट्यावर पाणी असताना अलीकडच्या गावी मुक्काम करणे हा या प्रदेशातील पुरांविरुद्धचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय. तो सर्वांना शक्य व्हावा, यासाठी नाल्याच्या दोन्ही बाजूंस निवारा, औषधोपचार व निरोपाची सोय असणे आवश्यक ठरते.